दुर्बिणीचे लाखभर रुपये नेमके कशाचे?

पक्षी बघायला लागलं की सहा महिन्यांत एक प्रश्न येतोच. माझ्या आठ हजारांच्या दुर्बिणीतून जो खंड्या दिसतो, तोच लाखाच्या वरच्या दुर्बिणीतून असा काय वेगळा दिसणार? ग्रुपवर विचारा, लगेच दोन तट पडतात. आज आपण याचं उत्तर इतिहासात शोधू. माझं म्हणणं असं की महागड्या दुर्बिणीची किंमत ही त्या काळात नुकत्याच सुटलेल्या एखाद्या अडचणीची किंमत असते. ती अडचण तुमची आहे का, हे बघायचं.

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो गोळी घालून पाडायचा, अशी रीत होती. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. सालिम अलींची गोष्ट लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच सुरू होते. अमेरिकेत १८८९ मध्ये फ्लोरेन्स मेरियम या पंचविशीतल्या मुलीचं पुस्तक आलं, ‘बर्ड्स थ्रू ॲन ऑपेरा-ग्लास’. बंदूक ठेवा घरी, नाटकाला नेतात ती छोटी दुर्बीण घ्या आणि गप्प बसून बघा, असा त्याचा सूर. तिने सत्तरएक जाती अशाच बघून मांडल्या.

आता ती ऑपेरा ग्लास काय चीज होती? रचना गॅलिलिओचीच. पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्याजवळ अंतर्गोल. चित्र सुलटं दिसतं, पण तीन-चार पटीच्या पुढे गेलं की किल्लीच्या भोकातून बघतोय असं वाटतं. डोळ्याजवळही बहिर्गोल भिंग लावलं तर पट वाढते, दृश्य ऐसपैस होतं, पण सगळं उलटं. पक्ष्याचं डोकं खाली, पाय वर.

यावर तोडगा १८५४ मध्येच निघाला होता. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने दोन प्रिझम अशी बसवली की प्रकाश त्यांत चार वेळा वळतो आणि चित्र सुलटं होऊन बाहेर पडतं. डोकं चालवलं होतं, पण काच साथ देईना. प्रिझममध्ये प्रकाशाला जाड काचेतून जावं लागतं आणि तेव्हाची काच एकसारखी नसायची. येना गावात ऑटो शॉटने चांगली काच बनवली, तेव्हा कुठे त्साइस कंपनीच्या अर्न्स्ट आबेला हे जमलं. १८९३ मध्ये पेटंटचा अर्ज, १८९४ मध्ये दुर्बीण बाजारात. गंमत म्हणजे प्रिझमची कल्पना पोरोची, त्यामुळे तिचं पेटंट मिळणार नव्हतं. आबेने पेटंट घेतलं ते पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवण्याचं. त्याने खोली जास्त जाणवते. जुन्या आयडियावर एक फीचर चढवून पेटंट, आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोजचं आहे!

ते पेटंट १९०८ मध्ये संपलं आणि ही रचना सगळ्यांना मोकळी झाली. पुढे १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसनचं फील्ड गाइड आलं. त्यात लांबून दिसतील अशाच खुणा बाणाने दाखवल्या होत्या. सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं १९४१ मध्ये.

पुढची अडचण प्रकाशाची. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला. १९३५ मध्ये त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने भिंगावर पातळ थर चढवून हे कमी केलं. आधी ते लष्करी गुपित होतं. आज स्वस्तातल्या दुर्बिणीवरही असं कोटिंग असतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पोरो दुर्बीण खांदे असलेली, जाडजूड. लोकांना सरळ नळ्यांची, सुटसुटीत हवी होती. १९६३ मध्ये लाइत्सची ट्रिनोविड आणि १९६४ मध्ये त्साइसची नवी डायालिट आली, दोन्ही छपरासारख्या प्रिझमच्या. दिसायला देखण्या, किंमत भारी. पण या प्रिझममध्ये प्रकाशाचे दोन भाग होतात, त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत आणि बारीक तपशील पुसट होतो. पोरोमध्ये हा घोळच नाही. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं लोक जास्त पैसे मोजून घेत होते तो आकार आणि मजबुती. नुसत्या स्पष्टतेत चांगली पोरो त्यांना भारी पडू शकत होती. १९८८ मध्ये त्साइसने फेज कोटिंग आणलं आणि मग हा दोष गेला.

तेव्हा ते फक्त वरच्या दुर्बिणीत मिळायचं. आज पंचवीस-तीस हजारांच्या दुर्बिणीत मिळतं. म्हणून माझा कौल सरळ आहे. दहा हजारांच्या आत असाल तर पोरोच घ्या. पंचवीस-तीस हजारांपर्यंतचा प्रत्येक रुपया डोळ्याला दिसतो. त्याच्या वर मिळतं ते कडेपर्यंत रेखीव चित्र, काळ्या कावळ्याभोवती जांभळी किनार न दिसणं, आणि पहाटेचा थोडा जास्त उजेड. भर दुपारी भिगवणला रोहित बघताना हा फरक शोधावा लागेल, कारण उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची होते आणि ८×४२ मधून येणारा सव्वापाच मिलिमीटरचा झोत निम्म्याहून जास्त वायाच जातो. पण सह्याद्रीच्या रानात साडेसहाला, पानांआड पर्णवटवट्याच्या पंखावर पट्टी एक की दोन हे ठरवताना तोच फरक कामाचा. असं महिन्यातून चार वेळा करत असाल तर घ्या, मी अडवणार नाही. पहिली दुर्बीण म्हणून मात्र नाही.

आणि कोकणातल्या मंडळींनी आधी वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली बघावी. पावसाळ्यात बुरशी आत शिरली की काच कितीही महाग असो.

घरी आजोबांची जुनी दुर्बीण पडली असेल तर ट्यूबलाइटखाली धरा आणि पुढच्या भिंगात प्रतिबिंब बघा. पांढरं स्वच्छ दिसलं तर कोटिंग नाही. निळसर, जांभळट दिसलं तर आहे. फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.