बिडीचं सूप आणि एकादशी



दिंडी कोणी काढली, वीणा कोणाकडे होता, हे या ग्रंथात जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. मी चौथी शिकलेला माणूस. दिंडीचा खर्च कशावर चालला, तेवढं लिहितो.

आपण धानकरी. आषाढी येते तेव्हा पऱ्हे उपटायला आलेले असतात, बांधीत पाणी असते आणि रोवण्याला माणूस मिळत नाही. कार्तिकीला हलका धान कापणीवर येतो. म्हणून आपल्याकडे घरातला एक वारीला जाई आणि बाकीचे चिखलात. सावता महाराज अरणचा मळा सोडून गेले नाहीत, हे उदाहरण आपल्या लोकांना म्हणूनच फार जवळचं. पण जाणाऱ्याच्या हातात रोख पैसा पाहिजे. धान तर दिवाळीनंतर विकतो. आषाढात पैसा असे तो बिडीचा.

तेंदूचं पान आपल्या जंगलात पहिल्यापासून होतं. बंगाल-नागपूर रेल्वे गोंदियावरून गेली, १८९१ पर्यंत ती आसनसोलपर्यंत जोडली, मग बाहेरून तंबाखू येऊ लागला अन् तयार बिडी बाहेर जाऊ लागली. गुजरातेतले पटेल व्यापारी आले, कारखाने झाले. पण खरा कारखाना बायांच्या मांडीवर. मे महिन्यात पहाटे उठून पान तोडायचं, सत्तर पानांचा पुडा बांधून फळीवर द्यायचा. वर्षभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या. पान भिजवा, कैचीनं कापा, जर्दा भरा, दोरा बांधा. पंचवीस बिड्यांचा कट्टा, हजारावर मजुरी.

माझी माय हेच करी. हरिपाठ ती सुपावरच शिकली, अक्षर तिला येत नव्हतं. चार बाया ओसरीवर बसत, हात चाले आणि तोंडानं हरिपाठ. कधी मोजणी चुकली की हरिपाठ थांबे. तेव्हा आम्ही पोरं हसत होतो.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार हेही एक कारण दिलं होतं. १८९० मध्ये सुट्टी मिळाली. घरी बिड्या वळणारीला मात्र ना रविवार ना सोमवार, जितकं वळेल तितका पैसा. आमच्या ओसरीवरच्या बायांनी मग एकादशीला सूप पालथं घालायचा नेम धरला. ठेकेदार कुरकुरला. पण माळकरी बाईला एकादशी मोड म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. ही सुट्टी पांडुरंगानं दिली असं माय म्हणे. मला वाटते, बायांनीच घेतली, नाव त्याचं सांगितलं.

तोच ठेकेदार मोजणीत मूठमूठ बिड्या छाट म्हणून बाजूला काढी, त्यांची मजुरी देत नसे. छाटीचा वाद सरकारी अधिकाऱ्यापुढे नेता येई, अशी सोय १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात होती. मायला ते कोणी सांगितलं नाही. कीर्तनात आम्ही मंगळवेढ्याच्या कुसवाखाली कामावर गेलेले चोखोबा सांगत होतो, समोर बसलेल्या मजुराचा कायदा सांगत नव्हतो. ही चूक माझीही.

दुसरी चूक मोठी. उमेदीत मी व्यसनमुक्तीवर फार तावातावानं बोले. एका सप्ताहात विडी-तंबाखूला लय झोडपलं. आरतीनंतर एक म्हातारी पाया पडली अन् म्हणाली, "महाराज, ह्या मिरदंगाची पुडी माह्या बिड्याईच्या पैशानं मढली, थे बी सांगा ना लोकाईले." मी गप्प राहिलो. तंबाखू वाईटच, आजही तेच सांगतो. जर्द्याच्या धुळीनं माय रात्ररात्र खोकत असे, ते मी पाहिलं आहे. पण आता ओढणाऱ्याला बोलतो, वळणारीला नाही. १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधीतून पोरांना शिष्यवृत्ती मिळे, हेही निरूपणात सांगत आलो. काहींनी भुवया उंचावल्या.

आता नव्या सुना बिडीला हात लावत नाहीत. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला उतरून आळंदी गाठणारे आपले बरेच वारकरी पगारदार आहेत.

कमिटीला एक विनंती. वर्गणीच्या जुन्या वहीत सगळी नावं पुरुषांची आहेत. पैसा कित्येक घरी बाईच्या सुपातला होता. ज्यांना आपल्या आजीचं, मायचं नाव आठवते त्यांनी ते लिहून द्यावं, ग्रंथात दोन पानं कोरी ठेवावी. माझ्या मायचं नाव मी दिलं आहे.