मींडेचा दांडा

मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारीला पडदे असतात ते फक्त डोळ्यांना खूण म्हणून. तारा त्यांच्यापासून इतक्या उंच ताणलेल्या असतात की बोटाने दाबून पडद्याला टेकवण्याचा प्रश्नच येत नाही. स्वर ठरतो तो डाव्या हातातल्या दांड्याने. दांडा तारेवर जिथे टेकेल तिथे तार संपते आणि उरलेल्या लांबीचा स्वर ऐकू येतो. दांडा न उचलता पुढे सरकवला की स्वरही न तुटता सरकतो. भारतीय संगीतात या न तुटणाऱ्या सरकण्याला मींड म्हणतात. भारतात हा दांडा कशाचा, किती जड आणि कोणत्या आकाराचा असावा हे या मींडेच्या गरजेनेच ठरत गेले. स्टील गिटार हवाई बेटांवर जन्मली, पण दांड्याचा इतिहास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

दांड्याने स्वर काढण्याच्या पद्धतीचे एक जुने आणि तपशीलवार वर्णन मराठी मुलखातच लिहिले गेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या सहाव्या, म्हणजे वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचा विस्ताराने विचार आहे. या वीणेला एकच तार आणि पडदा एकही नाही. वादक डाव्या हातात बांबूचा तुकडा धरून तो तारेवरून फिरवी. त्या तुकड्याला कम्रिका म्हणत. बांबू हलका आणि त्या काळची तार आजच्या पोलादी तारेइतकी ताणलेली नसणार, तेव्हा ही जोडी एकमेकांना साजेशीच म्हणायची. नंतर पडद्यांच्या वीणा पुढे आल्या, एकतंत्री मागे पडली आणि कम्रिकेचे नाव पोथीत राहिले.

दांडा मागे पडला तरी मींड मागे पडली नाही. ती गळ्यात, सारंगीवाल्याच्या नखांत आणि बीनकाराच्या तार ओढण्यात टिकून राहिली. तिच्या जपणुकीत गोव्याचा वाटा मोठा आहे आणि त्यात पेडणे महालाचाही. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. त्याआधी हा प्रदेश सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. साष्टी, बारदेश आणि तिसवाडी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधीच जिंकलेल्या भागांत, चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. डिचोली, पेडणे अशा नव्या काबिजादींत देवळे शाबूत राहिली. त्यांच्याभोवती कीर्तन, भजन, दशावतार आणि कलावंत घराण्यांचे गाणेही शाबूत राहिले.

पेडण्यातल्या मालपें गावाचे नाव आडनावात मिरवणाऱ्या अंजनीबाई मालपेकर (1883–1974) अशाच एका घराण्यातल्या. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँ यांच्याकडे त्या मुंबईत शिकल्या. मैफलीचे गाणे त्यांनी तुलनेने लवकर थांबवले, पण शिकवणे चालू ठेवले. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, आणि किशोरी आमोणकरांनी तर त्यांच्याकडून खास मींडेचे काम घेतले. दोन स्वरांमधली वाट घाई न करता, वाटेतल्या श्रुतींचा मान राखून कशी चालायची, हे ते शिक्षण. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर यांच्या आडनावातले पार्से गावही पेडण्यातलेच. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट सरळ तारेवर घसरते, म्हणून मींडेसाठी वेगळ्या साधनाची गरज लागत नाही. सारंगीचेही तसेच. हे नमूद करण्याचे कारण असे की मींड हवी पण बोट तारेपर्यंत पोहोचत नाही, अशाच वाद्याला दांडा लागतो.

दरम्यान गावोगावच्या भजनात हार्मोनियम आली आणि कायमची बसली. डिचोलीतल्या साखळीच्या विठ्ठल मंदिरापासून पेडण्याच्या देवळांपर्यंत आज तिच्याशिवाय भजनाची कल्पना करवत नाही. गोव्यात भजनाची शिस्त घडवणाऱ्या मनोहरबुवा शिरगावकर यांच्या नावाने कला अकादमी भजनस्पर्धा घेते. पण हार्मोनियममध्ये स्वर दाबून लागतो, एकातून दुसऱ्यात ओघळत नाही. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागच्या आक्षेपांत मींड निघत नाही हा एक मोठा आक्षेप होता. भजनकऱ्यांनी पेटी सोडली नाही हे योग्यच केले. पेटीवर जे निघत नाही ते गळा करून दाखवतो, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

दांडा मैफलीत परत आला तो दक्षिणेत, आणि तिथेही मराठी नावाची साथ आहे. मराठ्यांच्या राज्यामुळे तंजावर आणि आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली होती. त्याच परिसरातल्या तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांनी दांड्याने वाजवायचे गोट्टुवाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रतिष्ठेने आणले. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी सुरुवातीचे धडे त्यांच्याकडेच घेतले. सखाराम रावांचे शिष्य नारायण अय्यंगार यांनी हे वाद्य आणखी वाढवले. त्यांचे नातू रविकिरण यांच्या पिढीत ते चित्रवीणा या नावाने ओळखले जाऊ लागले.

गोट्टुवाद्याच्या दांड्याचा इतिहास म्हणजे एकामागून एक पदार्थ पारखत गेल्याचा इतिहास आहे. काळ्या शिसवीसारखे कठीण लाकूड, गव्याचे शिंग, काच, पोलाद असे सगळे वापरून झाले. रविकिरण यांनी टेफ्लॉन वापरात आणले. लाकडाचा आणि शिंगाचा स्वर मऊ येतो, पण पोलादी तारेने त्यांना खाचा पडतात, आणि खाच पडलेला दांडा तारेवर अडखळतो. कर्नाटक संगीतातल्या गमकात दांडा एका स्वराभोवती वेगाने मागेपुढे हलतो. तिथे जड पोलादापेक्षा हलका आणि निसरडा टेफ्लॉन हाताला मानवतो. उत्तरेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पतियाळाचे अब्दुल अझीझ खाँ यांनी विचित्र वीणा पुढे आणली. तिच्यासाठी अंड्याच्या आकाराचा काचेचा भरीव बट्टा निवडला गेला. ही वीणा रुंद, तिच्या तारा जाड आणि आलाप संथ. जड काच एकदा तारेवर ठेवली की स्वतःच्या वजनाने टेकून राहते आणि हाताला फक्त सरकवायचे काम उरते. घर्षण कमी व्हावे म्हणून तारांना तेलाचे बोट लावण्याचीही रीत आहे.

हवाईची गोष्ट यापासून स्वतंत्रपणे घडली. ओआहू बेटावरच्या लाये गावचा जोसेफ केकुकू हा कामेहामेहा शाळेतला विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्याने कंगवा, चाकू अशा वस्तू तारांवरून घसरवून पाहिल्या. रेल्वेच्या रुळाजवळ सापडलेल्या लोखंडी बोल्टची गोष्टही त्याच्याविषयी सांगतात. पुढे शाळेच्या कारखान्यात त्याने पोलादाचा दांडा करून घेतला. तारा पडद्यांपासून उचलल्या आणि आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा लावल्या. दांडा, उंच तारा आणि पोलाद या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा हे वाद्य खऱ्या अर्थाने जन्मले. तारा आतड्याच्या राहिल्या असत्या तर पोलादी दांड्याखाली स्वर बसकट आला असता. हवाईतल्या जुन्या आठवणींत गॅब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या तरुणाचेही नाव येते. त्याला जहाजाच्या कप्तानाने पळवून होनोलुलूला आणले आणि त्यानेही तारांवर वस्तू घसरवून वाजवले, असे सांगतात. पण एवढ्या एका नावावरून हवाईयन गिटार गोट्टुवाद्यातून निघाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट अमेरिकेत पसरली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस धातूच्या शंकूने आवाज वाढवणाऱ्या रेझोनेटर गिटारी आल्या, आणि 1932 च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ ही विजेवर चालणारी लॅप स्टील बाजारात आली. आवाज मोठा झाला तसे दांड्याचे दोषही मोठे ऐकू येऊ लागले. तारेवरची खरखर आता शेवटच्या रांगेतही पोहोचत होती. म्हणून खडबडीत लोखंडाऐवजी क्रोमचा मुलामा दिलेले पितळ आणि घोटून चकचकीत केलेले पोलाद रूढ झाले.

हवाईयन वादकांचे ताफे भारतातही येऊ लागले. त्यांतला ताऊ मो आणि त्याच्या कुटुंबाचा ताफा सर्वांत परिणामकारक. हे कुटुंब 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहिले. कलकत्त्यात गार्नी निस यांच्यापासून काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली यांच्यापर्यंत हवाईयन गिटारवादकांची मोठी फळी उभी राहिली. मुंबईत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांच्या वादनातून चित्रपटगीतांच्या चाली या गिटारीवर घरोघर पोहोचल्या. गाण्याचे शब्द नसताना गळ्याची आठवण देणारे वाद्य म्हणून मध्यमवर्गाने तिला आपलेसे केले.

रागसंगीतात तिला जागा मिळवून दिली ती ब्रिजभूषण काब्रा (1937–2018) यांनी. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य, सरोदाच्या संस्कारातले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार एकत्र आली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते आणि निर्मितीमागे एचएमव्हीतले जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. संतूरवर स्वर तुटक येतो आणि गिटारीवर तो वाहतो, हा फरक त्या मुद्रिकेत शेजारीशेजारी ऐकता येतो. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली. तिच्या वीस तारांपैकी तीनच मुख्य, बाकीच्या चिकारीच्या आणि तरफेच्या.

या तीन तारांमुळे दांड्याच्या निवडीचे सूत्र बदलले. पाश्चात्त्य वादकाला सहा-आठ तारांवर एकदम दांडा टेकवून स्वरसमूह काढायचे असतात. म्हणून त्याला सव्वातीन इंचांच्या आसपास लांब, दोनशे ग्रॅमच्या पुढचा दांडा लागतो. ब्लूग्रासमध्ये दांडा झटक्याने उचलायचा असतो, तिथे दोन्ही बाजूंना खाच असलेला आणि कडेला धार असलेला स्टीव्हन्स पद्धतीचा दांडा बरा. रागदारीत यातले फारसे कामाला येत नाही. इथे सारा खेळ एकदोन तारांवर आणि लांब पल्ल्याच्या सरकण्यावर. त्यामुळे गोल आणि टोकाला घुमटासारखा वळवलेला दांडा निवडला जातो. त्याचे टोक एकाच तारेवर अलगद टेकवता येते आणि शेजारच्या तारेला धक्का न लावता पुढे नेता येते. पाऊण इंच व्यास आणि पावणेतीन-तीन इंच लांबीचा भरीव पोलादी दांडा साधारण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरतो. नवशिक्याच्या हाताला तो जड वाटतो आणि बहुतेक जण हलक्याकडे वळतात. ही निवड चुकते. हलका दांडा तारेचे कंपन नीट अडवत नाही, त्यातले थोडे पलीकडे गळते, स्वर पातळ होतो आणि मींडेच्या शेवटी विझतो. कमी वजन भरून काढायला वादक मग हाताने दाबतो. दाबामुळे तार खाली वाकते, स्वर चढतो आणि मनगट आखडते.

धरण्यातही वजनाचा हिशेब आहे. अंगठा आणि मधले बोट दांड्याला दोन्ही बाजूंनी धरतात, तर्जनी वरून टेकते. अनामिका आणि करंगळी दांड्याच्या मागे तारांवर सैल पडून राहतात, म्हणजे मागच्या तुकड्याची किणकिण दबते. दांडा पडद्याच्या बरोबर माथ्यावर हवा. दाबून वाजवायच्या गिटारीत बोट पडद्याच्या मागे असते, ती सवय इथे नडते.

दुकानात दांडा पारखायचा तर तो आरशासारख्या सपाट काचेवर घरंगळत सोडावा. मधे फट दिसली किंवा तो डगमगत गेला तर तो वाकडा आहे. मग नख त्याच्या अंगावरून फिरवावे. नखाला जाणवणारा खड्डा तारेला दहापट जाणवतो. शेवटी तो तारेवर टेकवून, तार न छेडता, नुसताच पुढेमागे सरकवावा. जेवढी खरखर तेव्हा ऐकू येईल तेवढी प्रत्येक मींडेत मिसळणार.

कोकणपट्टीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पेडणे-डिचोलीच्या पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओली असते आणि घामात मीठ असते. क्रोमचा मुलामा एकदा टोचला गेला की त्याखालचा धातू गंजतो किंवा काळवंडतो, मुलाम्याचा पापुद्रा उठतो आणि त्याची कड तारेला कापते. असा दांडा घोटून दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. गंज न चढणाऱ्या पोलादाचा भरीव दांडा महाग असला तरी इथे तोच टिकतो, कारण आतबाहेर एकच धातू असल्याने ओरखडा गेला तर पुन्हा घोटता येतो. काच आणि चिनी माती गंजत नाहीत, स्वरही गोल देतात, पण फरशीवर एकदा पडली की संपली. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने दांडा आणि तारा पुसणे आणि दांडा तारांवर तसाच न ठेवता वेगळ्या कापडी पिशवीत ठेवणे, एवढी निगा पुरते.