काकडा, पंप, पिन

पितळी स्टोव्हमध्ये कायमचं बंद केलेलं जवळजवळ काहीच नाही. टाकीचे दोन भाग एकमेकांना झाळलेले असतात, असे थोडे सांधे सोडले तर बाकी सगळं आट्यांवर. बर्नर, निपल, पंप, झाकण, हवा सोडायची चावी, पंपाच्या तळातला व्हॉल्व्ह, सगळं पान्यानं सुटतं आणि पुन्हा बसतं. सासूबाईंचा स्टोव्ह साताऱ्याच्या घराच्या माळ्यावरून खाली काढला तेव्हा तो काळा पडला होता, पंप आत अडकला होता आणि तीन पायांपैकी एक वाकला होता. तरी तो मोडीत घालावा असं मला क्षणभरही वाटलं नाही. मला तो कपाटावर मांडून ठेवायचा नव्हता. रोज सकाळी त्यावर पाणी तापवायचं होतं.

या स्टोव्हचं मूळ स्वीडनमधलं. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये स्टॉकहोममध्ये काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि योहान स्वेन्सन या भागीदाराबरोबर ‘प्राइमस’ नावानं कारखाना काढला. त्याआधीचे रॉकेलचे स्टोव्ह वातीचे. वात पिवळी जळायची आणि भांड्याचं बूड काळं करायची. लिंडक्विस्टनी वातच काढून टाकली. टाकीत पंपानं हवा भरायची, त्या दाबानं रॉकेल नळीतून वर चढतं आणि तापलेल्या बर्नरच्या वेटोळ्यांतून जाताना त्याची वाफ होते. ती वाफ निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोरानं बाहेर पडते, बाहेरची हवा ओढून घेते आणि निळी जळते. बर्नर एकदा तापला की स्वतःच्याच ज्योतीनं तापलेला राहतो. पहिली ऊब मात्र बाहेरून द्यावी लागते. त्यासाठी आपल्याकडे काकडा, म्हणजे स्पिरिटात भिजवून, पेटवून बर्नरला लावायचा बोळा, आला.

नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून योहान्सेन या सोबत्याबरोबर उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा बर्फ वितळवायला त्यानं प्राइमसच नेला होता. जे यंत्र ध्रुवाजवळ चाललं तेच गिरगावच्या चाळीतही चाललं, आणि मला त्यातली गिरगावची गोष्ट अधिक मोठी वाटते. ध्रुवाची मोहीम कधीतरी संपते. चाळीत मात्र रोज दोन वेळा माणसं जेवायला बसतात.

मुंबईतल्या जागेचा विचार केला की हे पटतं. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच मोरी, अंथरूण, देव, पाहुणे आणि स्वयंपाक. लाकडाची चूल अशा खोलीत भिंती, कपडे आणि डोळे एकदमच खराब करते. कोळशाची शेगडी धरायला वेळ घेते आणि धरेपर्यंत धूर सोडते. स्टोव्ह कुठेही ठेवता यायचा, काम झालं की विझवून कोपऱ्यात सरकवता यायचा. आमच्या सासऱ्यांच्या घरी तो १९४० च्या दशकात आला. सासूबाई सांगायच्या की सणाचा नैवेद्य बरीच वर्षं शेगडीवरच व्हायचा. चहा, दूध, आंघोळीचं पाणी आणि अवेळी आलेल्या पाहुण्याचे पोहे स्टोव्हवर. मग हळूहळू भात आला, आमटी आली आणि शेवटी नैवेद्यही आला. त्यावर घरात कुणी वाद घातल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

स्टोव्ह चालवायचा तर तो समजावा लागे. काकडा पुरता जळायच्या आत पंप मारला तर बर्नर गार असतो, कच्चं रॉकेल वर उडतं आणि छताकडे पिवळा भडका जातो. उशीर केला तर काकडा विझतो आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्योत एका बाजूला झुकली की निपलमध्ये कण अडकलाय, पिन मारायची. पंप हलका जातोय आणि दाब धरत नाही म्हणजे चामड्याचा वायसर सुकलाय. पंपाचा दांडा आपोआप वर येतोय म्हणजे खालचा व्हॉल्व्ह गेलाय. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना वाफ, दाब, हवेचं मिश्रण हे शब्द कुणी शिकवले नव्हते, पण नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते त्या शेजारच्या खोलीतून ओळखत. आमच्या घरातलं बाईनं स्वतः चालवलेलं, स्वतः खोललेलं पहिलं यंत्र हेच. स्वयंपाकघराचा इतिहास लिहिताना पदार्थांची यादी करतात आणि हे कौशल्य वगळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरात जमलं नाही की स्टोव्हवाला. खांद्याला लाकडी पेटी आणि गल्लीच्या तोंडाशी ‘इस्टो रिपेऽर’ अशी लांबवलेली हाळी. पेटीत पिनांची पाकिटं, शिशाचे आणि चामड्याचे वायसर, दोन-चार जुने बर्नर, झाळायचं सामान. तो ओट्यावर बसायचा आणि त्याच्याभोवती पोरं. बर्नर लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात बुडवला की आतली काजळी सुटून खपल्यांनी बाहेर पडते. मी पहिल्यांदा ते अशाच एका माणसाच्या हाती पाहिलं आणि आता स्वतः तसंच करते.

रॉकेल मिळवणं हे आणखी एक काम. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर या नेत्यांबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखरेच्या जोडीला त्यांच्या तक्रारींत रॉकेलही होतं. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले आणि रेशनच्या दुकानापुढच्या डब्यांच्या रांगा लांबल्या. सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास आला होता. ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण सुरू झालं आणि बर्मा शेलनं ‘बर्शेन’ नावानं सिलिंडर विकायला घेतले. पण मध्यमवर्गीय घरांना नंबर लागायला पुढं वर्षानुवर्षं थांबावं लागलं. सिलिंडर आला की रेशनकार्डावर गॅसधारकाचा शिक्का बसायचा आणि रॉकेल कमी व्हायचं किंवा बंद व्हायचं. मग स्टोव्ह माळ्यावर जायचा.

स्टोव्हबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळणं मला खोटेपणाचं वाटेल. १९८० च्या आसपास ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वरचेवर यायची. भडके खरोखर उडत. सैल झाकण, पेटत्या स्टोव्हमध्ये ओतलेलं रॉकेल, लोंबता पदर, यांनी कितीतरी बायका भाजल्या. पण हे कारण सोयीचंही होतं. कित्येक खटल्यांत स्टोव्ह शाबूत निघाला आणि रॉकेल अंगावर ओतलेलं निघालं. बायकांच्या संघटनांनी हे लावून धरलं. १९८३ मध्ये सासरच्या छळाचं ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब ही कलमं दंडसंहितेत आली. जी वस्तू बाई रोज हातानं सांभाळत होती, तिच्याच नावावर तिचा खून खपवला गेला. माझ्या हातात तो स्टोव्ह असतो तेव्हा हेही माझ्या मनात असतं.

म्हणून दुरुस्ती करताना मी दिसण्याआधी टाकी पाहिली. झाकण आणि चावी घट्ट बसवून, हवा भरून ती बादलीत बुडवली. झाळलेल्या सांध्यावर एकही बुडबुडा आला नाही. आला असता तर हा स्टोव्ह मी पेटवलाच नसता. झाकणाला आणि पंपाच्या व्हॉल्व्हला रॉकेल सोसणाऱ्या रबराच्या नव्या टिकल्या कापल्या. पंपाचा वायसर नवा चामड्याचा घातला. तो आधी तेलात भिजवून कडा बाहेर फाकवाव्या लागतात, नाहीतर दाब धरत नाही. बर्नरखाली शिशाचा वायसर बदलला. निपल पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात अजून असे सुटे भाग चादरीवर मांडलेले सापडतात. सासूबाईंच्या काकड्याला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली होती, ती काढून टाकली. आता बर्नरखालच्या वाटीतच स्पिरिट ओतते. पितळ चिंच-मिठानं घासलं, ते सगळ्यात शेवटी. प्राइमसच्या टाकीवर १९११ पासून वर्षाचं अक्षर ठोकलेलं असतं. आमच्या स्टोव्हवरचं ते राखेनं घासून घासून केव्हाच पुसलं गेलंय.

तो मागच्या उघड्या पडवीत असतो, घरात नाही. टाकी पाऊण भरायची, तापलेली असताना कधीच नाही. सुती कपडे, पदर खोचलेला, हाताशी वाळूची बादली. स्पिरिट संपत आलं की चावी बंद, दोन-तीन हलके पंप, ज्योत निळी झाली की बाकीचे. मंद हवी तर चावी किंचित सैल करून हवा सोडायची. दूध आटवायला हा बर्नर नाही, पाण्याला, पिठल्याला आणि मोठ्या पातेल्यातल्या भाताला उत्तम. आता अडचण एकच, रॉकेलची. खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल महाग पडतं आणि प्रत्येक दुकानात नसतं. भाची दर सुट्टीत येताना वाटेतल्या गावात डबा भरून आणते. पेटवायची पाळी मग तिचीच असते.