अविवाहितेचें मृत्युपत्र

ज्याला मागेंपुढें कोणी नाहीं त्यानें मृत्युपत्र कशासाठीं करावें, असा प्रश्न चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि सहज विचारला जातो. बायकामुलांच्या धन्यानें आपल्या मागची व्यवस्था लावून ठेवावी हें सर्वांना पटतें. परंतु अविवाहित मनुष्यानें तसें केलें तर ती एक विनाकारण उठाठेव समजली जाते. या समजुतींत मोठीच चूक आहे. मागेंपुढें कोणी नसलेला मनुष्य कायद्याला ठाऊकच नाहीं. मरणारानें वारस नेमला नाहीं तर कायदा तो हुडकून काढतो, आणि हुडकतांना तो रक्ताचें नातें पाहतो. कोणीं कोणाची उशापायथ्याशीं बसून शुश्रूषा केली, कोण कोणाच्या आधारानें जगत होतें, याची चौकशी तो करीत नाहीं. संसारी माणसाच्या घरीं कायद्याचा हिशेब आणि मनाचा हिशेब बहुधा जुळतात. अविवाहिताच्या घरीं ते जुळतीलच असा भरंवसा नसतो. इंग्लंडांतील एका खेड्यांत १८१७ सालीं एका आजारी स्त्रीनें कागदावर लिहिलेल्या चार ओळींच्या इतिहासावरून ही गोष्ट जितकी उघड होते तितकी कायद्याच्या जाड ग्रंथांवरून होणार नाहीं. त्या स्त्रीचें नांव जेन ऑस्टेन.

जेनच्या कादंबऱ्या वाचलेल्यांना ठाऊकच आहे कीं, तिच्या पात्रांच्या सुखदुःखांमागें कोठें तरी एक वारसा, एक जमीनजुमला किंवा एक मृत्युपत्र उभें असतें. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील पांच बहिणींच्या घरावर टांगलेली तलवार म्हणजे बापाच्या मागें मिळकत दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार ही. वारशाचा हा विषय तिला पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. हँपशायरमधील स्टीव्हंटन या गांवचे धर्मोपदेशक जॉर्ज ऑस्टेन यांना सहा मुलगे व दोन मुली झाल्या. मुलींपैकीं कॅसँड्रा थोरली, आणि १७७५ सालीं जन्मलेली जेन धाकटी. दोघींचींहि लग्नें झालीं नाहींत. मुलांपैकीं एडवर्ड एका श्रीमंत नातलगाच्या घरीं दत्तक जाऊन मोठा जमीनदार झाला, दोघे आरमारांत शिरले, हेन्रीनें पेढी काढली, आणि जॉर्ज हा जन्माचा दुबळा असल्यामुळें घराबाहेर दुसऱ्यांच्या देखरेखीखालीं वाढला. १८०५ च्या जानेवारींत वडील वारले आणि त्यांच्याबरोबर त्यांची धर्मोपदेशकाची वृत्तिहि संपली. विधवा आई आणि दोन मुली यांचें स्वतःचें उत्पन्न सालीना सुमारें २१० पौंड उरलें. बाकीची भर भाऊ घालूं लागले. त्या २१० पौंडांत जेनचा वांटा कांहींच नव्हता.

कॅसँड्राचा मात्र थोडा होता, आणि तो कोठून आला हें सांगण्यासारखें आहे. टॉम फाउल नांवाच्या तरुण धर्मोपदेशकाशीं तिचा वाङ्‌निश्चय झाला होता. लग्नापुरता पैसा जमावा म्हणून तो एका सैन्यतुकडीचा धर्मगुरु होऊन वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ सालीं तेथें पीतज्वरानें मरण पावला. वाग्दत्त वधू ही कायद्याच्या दृष्टीनें परकीच. टॉम तसाच गेला असता तर त्याची पै न्‌ पै आईबापाभावांकडे जाती, आणि त्यांत कोणाचा दोषहि नसता. परंतु त्यानें मृत्युपत्र केलें होतें आणि त्यांत कॅसँड्राला १,००० पौंड दिले होते. त्या रकमेचें व्याज तिला जन्मभर पुरलें असें म्हणतां येणार नाहीं; पण भावांपुढें हात पसरतांना स्वतःचे म्हणून चार पैसे जवळ असणें म्हणजे काय, हें अशा बाईलाच कळे. अविवाहिताच्या मृत्युपत्राचा गुण जेननें असा आपल्याच घरांत पाहिला होता.

१८०९ सालीं एडवर्डनें आई व बहिणींना चॉटन येथें एक घर राहावयास दिलें, आणि तेथें जेनच्या लेखनाला भर आला. १८११ सालीं ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ निघालें. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर तिला १४० पौंड मिळाले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिनें ११० पौंडांना कायमचे विकले, आणि ही विक्री किती तोट्याची झाली हें तिला लौकरच कळून आलें. पुस्तकांच्या पैशांतून तिनें ६०० पौंड सरकारी रोख्यांत गुंतविले. एवढीच तिची कमाई. पण ती तिची स्वतःची होती. बापाकडून आलेली नव्हे, भावानें दिलेली नव्हे.

पुढें दोन वर्षें फार वाईट आलीं. १८१६ च्या मार्चमध्यें हेन्रीची पेढी बुडाली. त्याला जामीन राहिलेल्या एडवर्डचे २०,००० पौंड आणि मामांचे १०,००० पौंड गेले, आणि आई-बहिणींना मिळणारी मदतहि आटली. त्याच साली जेनच्या प्रकृतीला उतार लागला. मग १८१७ च्या २८ मार्चला मामा, जेम्स लेह-पेरो, निवर्तले. ते श्रीमंत होते, त्यांना मूलबाळ नव्हतें, आणि आपल्या एकुलत्या नव्हे पण अडचणींत सांपडलेल्या बहिणीची ते कांहीं तरी तरतूद करतील असें सर्वांनीं धरून ठेवलें होतें. मृत्युपत्र उघडलें तेव्हां सर्व कांहीं हयातीपर्यंत मामीला ठेवलेलें आढळलें. भाच्यांना जें मिळावयाचें तें मामीच्या मागें. बहिणीचें नांव नव्हतें. मामांना आपला पैसा वाटेल तसा देण्याचा अधिकार होता हें खरें. तथापि या बातमीनें जेनचें दुखणें उलटलें, आणि तशी कबुली तिनें ६ एप्रिलच्या पत्रांत धाकट्या भावापाशीं, चार्ल्सपाशीं, दिली. आजारी माणसाचें मन किती हळवें असतें याची तिला त्या पत्रांत थोडी लाजहि वाटलेली दिसते.

यानंतर तीन आठवड्यांनीं, २७ एप्रिलला, तिनें स्वतःचें मृत्युपत्र लिहिलें. वकील बोलाविला नाहीं, साक्षीदार घेतले नाहींत. मजकूर अगदीं थोडा आहे. मरणसमयीं जें कांहीं आपलें असेल, आणि पुढें जें कांहीं आपल्याला येणें होईल, तें सर्व बहीण कॅसँड्रा हिला. त्यांतून उत्तरक्रियेचा खर्च भागवावा, हेन्रीला ५० पौंड द्यावे, आणि मादाम बिझों हिला ५० पौंड द्यावे. व्यवस्था पाहणारी कॅसँड्राच.

‘पुढें येणें होईल’ हे शब्द सहज लिहिलेले नाहींत. दोन पुरीं झालेलीं कादंबऱ्यांचीं हस्तलिखितें त्या वेळीं घरांत पडून होतीं. ग्रंथकर्त्याची खरी मिळकत पुष्कळदां त्याच्या मागें येते, ही गोष्ट हें पान लिहिणाऱ्या बाईला पक्की ठाऊक होती.

आतां हें पान लिहिलें गेलें नसतें तर काय झालें असतें? त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें बाप वारलेल्या अविवाहित मुलीची जंगम मालमत्ता तिची आई आणि सर्व भावंडें यांच्यांत सारखी वांटली जाई. आई, सहा भाऊ आणि कॅसँड्रा मिळून आठ जण त्या वेळीं हयात होते. म्हणजे जिनें जेनबरोबर सारा जन्म एका खोलींत काढला, तिची पुस्तकें छापण्यापूर्वीं ऐकलीं, आणि शेवटच्या रात्रीं तिचें डोकें मांडीवर घेतलें, त्या कॅसँड्राच्या वांट्याला एक अष्टमांश आला असता. आणि तेवढाच एक अष्टमांश जमीनदार एडवर्डलाहि पोंचता झाला असता. कादंबऱ्यांच्या हक्कांचे व कागदपत्रांचेहि असेच आठ भाग. या वांटणींत अन्याय आहे असें कायदेपंडित म्हणणार नाहीं, कारण कायद्याच्या मोजमापानें सगळीं भावंडें सारखींच. जेनचें मोजमाप निराळें होतें, आणि तें कोर्टाला कळण्याचा मार्ग तें एक पान हाच होता.

मादाम बिझोंचें नांव तर कोणत्याच वंशावळींत सांपडलें नसतें. ही फ्रेंच बाई हेन्रीच्या घरची जुनी कारभारीण. हेन्रीची पहिली पत्नी एलिझा, जिचा जन्म कलकत्त्याचा, तिच्या व तिच्या आजारी मुलाच्या शुश्रूषेंत तिनें वर्षें घालविलीं होतीं. हेन्रीची पेढी बुडाली तेव्हां तिचेहि पैसे बुडाले. मोठ्या ठेवीदारांची हळहळ सर्वांनीं केली. या म्हाताऱ्या नोकराणीची आठवण एका मरणोन्मुख बाईनें ठेवली, आणि तिला दिली ती रक्कम सख्ख्या भावाला दिलेल्या रकमेइतकीच होती. हेन्रीवर तिचा राग नव्हता; पण त्याच्या घराण्यावरचें ऋण फेडावयाचें राहिलें आहे असें तिनें मनांत नक्कीच धरलें असावें.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या इंग्लंडांत लग्न झालेल्या स्त्रीला पतीच्या संमतीवांचून असें मृत्युपत्र करतांच येत नसे. लग्नाबरोबर तिची जंगम मिळकत पतीची होई. ही स्थिति १८८२ च्या कायद्यानें पालटली. म्हणजे ज्या अविवाहितपणाची समाज कींव करी, त्यानेंच जेनला आपल्या कमाईवर पुरता अधिकार दिला होता. असा अधिकार हातीं असून तो न वापरणें म्हणजे तो नसल्यासारखेंच.

मे महिन्यांत तिला उपचारांसाठीं विंचेस्टरला नेलें, आणि १८ जुलै १८१७ रोजीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, ती तेथें वारली. मृत्युपत्रावर साक्षी नसल्यामुळें थोडी अडचण पडलीच. हस्ताक्षर तिचेंच आहे असें चार्ल्सच्या सासऱ्यांना व त्यांच्या मुलीला शपथेवर सांगावें लागलें, तेव्हां १० सप्टेंबरला कोर्टानें तें मान्य केलें. जंगम मालमत्तेला साक्षी हव्यातच असा निर्बंध त्या वेळीं नव्हता म्हणून हें निभावलें. वीस वर्षांनीं, १८३७ सालीं, इंग्लंडांत दोन साक्षीदारांचा नियम झाला; त्यानंतर असा कागद फुकट गेला असता.

आपल्याकडे हाच नियम चालतो, आणि अनेक सद्‌हेतूचे कागद याच खडकावर फुटतात. जुन्या धर्मशास्त्रांत मृत्युपत्र असें नव्हतेंच. इंग्रजी अमलांत कोर्टांनीं तें मान्य केलें, १८७० सालीं हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठीं पहिला कायदा झाला, आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यान्वयें हिंदूंचें मृत्युपत्र लेखी असावें, करणारानें त्यावर सही करावी, आणि दोन साक्षीदारांनीं त्याच्यासमक्ष आपल्या सह्या कराव्या असें ठरलें. मुद्रांकाचा कागद लागत नाहीं, नोंदणीची सक्ति नाहीं. मुसलमानांना सामान्यतः एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्रानें देतां येत नाहीं, आणि गोव्याच्या कायद्यांत जवळच्या कांहीं वारसांसाठीं अर्धा भाग राखलेला असतो. ज्याचा जो कायदा तो त्यानें आधीं पाहावा. मृत्युपत्र न करतां वारलेल्या अविवाहित, निपुत्रिक हिंदु स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें प्रथम आईबापांकडे जाते, आणि तीं नसल्यास बापाच्या वारसांकडे. जेन ही आपल्याकडची असती तर सर्व कांहीं वृद्ध आईला मिळालें असतें. बहिणीला अष्टमांशहि नाहीं. जिच्याबरोबर वीस वर्षें एक बिऱ्हाड केलें ती मैत्रीण, ज्याला शिकविलें तो परक्याचा मुलगा, हीं या यादींत कोठेंच नाहींत. आणि कोणीच वारस सांपडला नाहीं तर मिळकत सरकारजमा.

कॅसँड्रानें आपल्या हातीं आलेल्याचें काय केलें? देणीं भागवून तिला सुमारें ५६१ पौंड मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत उरलेल्या दोन कादंबऱ्या, ‘नॉर्दँगर ॲबी’ आणि ‘पर्स्वेजन’, प्रसिद्ध झाल्या आणि त्यांवर आणखी ५०० पौंडांहून अधिक आले. जेनच्या कागदांत एक टिपण सांपडलें, त्यांत एक सोन्याची सांखळी धर्मकन्या लुइझाला व केसांची बट पुतणी फॅनीला द्यावी असें होतें. तेंहि तिनें पाळलें. पुढें बहिणीचीं पुष्कळ पत्रें तिनें जाळून टाकलीं. याबद्दल वाङ्‌मयाच्या अभ्यासकांनीं तिला अजून क्षमा केलेली नाहीं. परंतु पत्रें जेननें तिला दिलीं होतीं, अभ्यासकांना नव्हे.

स्वतः कॅसँड्रा १८४५ सालीं अविवाहितच वारली, आणि तिनेंहि सर्व व्यवस्था लिहून ठेवली होती. जेनच्या बालपणींच्या लेखनाच्या तीन वह्या होत्या. पहिली चार्ल्सला, दुसरी फ्रान्सिसला आणि तिसरी पुतण्या जेम्स एडवर्डला अशी तिनें वांटून दिली. तीनहि वह्या आज सुरक्षित आहेत, पहिली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आणि बाकीच्या दोन लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत. २७ एप्रिलचें तें पान क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे.