पहिला नंबर कोणाचा?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली. लेखक ‘नारायण विनायक जगताप’. खरे म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! नावाकडे पाहून नंबर लागू नये, म्हणून आद्याक्षरे उलटवली.

भंडाऱ्याच्या गुरुजींनो, वर्गासाठी त्यांच्या कथांचे नंबर लावू या. पहिली ‘धूमकेतू’. संकट टाळते विज्ञान, श्रेय घेते शांतिहोम. हा प्रश्न आपल्या गावचाच. दुसरी ‘उजव्या सोंडेचा गणपती’. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा, कथेचे मर्म पोरांच्या हातीच येईल. बक्षीसवाली ‘कृष्णविवर’ तिसरी. तिथला मंदावणारा काळ मोठ्या वर्गालाच पेलेल.

पटत नाही? मग लेखकाचे नाव न सांगता वाचून दाखवा. नंबर पोरे लावतील.