से कॅथेड्रलमधील स्नानकुंड

जुन्या गोव्याच्या यात्रेला आपल्या धर्मग्रामांतून अनेक कुटुंबे जातात. बॉम जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांपुढे नतमस्तक होऊन ती समोरच्या से कॅथेड्रलमध्ये शिरतात आणि सरळ वेदीकडे वळतात. प्रवेशद्वाराजवळचे स्नानकुंड मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. पुण्याच्या सिटी चर्चसाठी १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली ती त्यांच्या सैन्यातील गोवेकरांसाठी. तेव्हा या कुंडाशी आपले नाते दूरचे नाही.

कुंड १५३२ सालचे आहे. ज्या मंदिरात ते उभे आहे त्याहून ते वडील आहे, कारण सध्याच्या कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. गोव्याचा धर्मप्रांतही पोप तिसरे पॉल यांनी त्यानंतर, १५३४ मध्ये स्थापिला.

झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. या कुंडातून त्यांनी हजारोंना बाप्तिस्मा दिला, असे वाटाडे सांगतात. येथे थोडे थांबले पाहिजे. बाप्तिस्मा देता देता हात थकून जातात, असे त्यांनी जानेवारी १५४४ च्या पत्रात लिहिले खरे. पण ते तामिळ किनाऱ्यावरील मच्छीमारांविषयी. गोव्यात ते घंटा वाजवीत रस्तोरस्ती फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. मला त्यांचे हे रूप अधिक प्रिय आहे.

दुसरी गोष्ट सांगणे जड जाते, पण टाळणे योग्य नव्हे. व्हॉइसरॉय कोन्स्तांतिनु द ब्रागांझा यांच्या कारकिर्दीत (१५५८-६१) मोठ्या थाटामाटात सामुदायिक स्नानसंस्कार झाले, आणि त्यांमागे राजसत्तेचा दबाव होता. त्या दशकात कित्येक घराणी आपली दैवते घेऊन नदीपलीकडे अंत्रुजात गेली. १५६७ च्या प्रांतिक परिषदेने बळजबरीने बाप्तिस्मा देऊ नये असे बजावले. त्याच परिषदेने हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर बंदीही मागितली. बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवाराला ‘तुझी इच्छा आहे काय?’ असे विचारण्याची रीत प्राचीन आहे. त्या काळी गोव्यात या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणे किती जणांना शक्य होते?

या लोकांमध्ये १५७९ मध्ये एक इंग्रज येशूसंघीय आले, फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचा जन्म विल्टशरमधला. तिकडच्या मध्ययुगीन धर्मग्रामांतील दगडी कुंडांना झाकण आणि कुलूप असे; मंतरलेले पाणी म्हणून लोक ते चोरून नेत आणि जादूटोण्यासाठी वापरीत. तेराव्या शतकातच तशी आज्ञा निघाली होती. कुलपांचे लोखंड काढल्याच्या खुणा कित्येक कुंडांच्या काठांवर अजून दिसतात. साष्टीत स्टीफन्सना निराळी मागणी ऐकू आली. जुनी पुराणे सुटली, आता आम्ही वाचावे काय, असे नवख्रिस्ती विचारीत. त्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून ते आपल्यापर्यंत आले. १५३२ चे कुंड मात्र अजून दाराशी उभे आहे.