मानमोडीची साथ आणि ताप उतरल्यानंतरचे दिवस

आपल्या जुन्या घराण्यांत सनापेक्षा आपत्तीचे नाव अधिक काळ लक्षात राहत असे. कोणाचा जन्म प्लेगच्या साली, कोणाचे लग्न दुष्काळानंतर, तसेच कोणाचे आजोबा ‘मानमोडीत’ गेलेले. हे मानमोडीचे साल म्हणजे इ. स. १९१८, शके १८४०. मान आणि सांधे मोडून टाकणारा ताप म्हणून लोकांनी त्यास हे नाव दिले. डॉक्टर त्यास इन्फ्लुएन्झा म्हणत. पेडणे महालावर तेव्हा ज्यांची सत्ता होती, त्या पोर्तुगीजांच्या देशात हीच साथ ‘न्युमोनिका’ म्हणून ओळखली गेली. मानमोडी हे नाव दुखण्याच्या आरंभाचे वर्णन करते, तर न्युमोनिका हे त्याच्या घातक शेवटाचे. या दोन टोकांच्या मधले जे दिवस, ताप उतरला पण माणूस सावरला नाही असे, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साथीचा आपल्याकडील आरंभ मुंबईत झाला. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. महायुद्धावरून परतणाऱ्या फौजांच्या जहाजांतून हा रोग आला, असे तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे मत होते. ती पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट उसळली आणि ६ ऑक्टोबर रोजी, ऐन नवरात्राच्या तोंडावर, एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. साऱ्या हिंदुस्थानातील बळींचे अंदाज सुमारे १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत आहेत. आजच्या भारताच्या प्रदेशाची लोकसंख्या १९११ साली सुमारे २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ साली २५ कोटी १३ लाखांवर आली. शिरगणतीच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक होय.

कोरगाव हे श्री कमळेश्वराचे गाव मुंबईपासून दूर असले, तरी मुंबईशी तुटलेले कधीच नव्हते. पेडण्यातील घरटी कोणी ना कोणी पोटासाठी मुंबईस असे, आणि संकट आले की माणूस गावाची वाट धरतो. उत्तरेस तेरेखोलच्या पलीकडे सावंतवाडी संस्थान. राज्ये दोन, पण सोयरीक, बाजार आणि भाषा एकच. तापाला जकातनाका अडवू शकत नाही. गोमंतकही या साथीतून सुटला नाही. त्यातही वेळ वाईट होती. भाद्रपद-आश्विन हे आपल्याकडे भातकापणीचे दिवस. शेतात पीक उभे असता अंथरुणावर पडून राहणे कोणास परवडणार? चौथ्या दिवशी ताप उतरला की हातात कोयता घेणे हे कुळाला जितके भाग, तितकेच घरातील बाईला चुलीपुढे बसणे भाग.

येथेच या रोगाची मेख आहे. संसर्ग झाल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत ताप चढतो. तो बहुधा तीन-चार दिवस टिकतो. अंगदुखी आणि डोकेदुखी त्याच्याबरोबर ओसरते. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे, वृद्धांत त्याहूनही अधिक काळ रेंगाळतो. विषाणूने श्वासनलिकेचे आतील अस्तर खरवडलेले असते. ते भरून येण्यास अवधी लागतो. या अवधीत दुसरे जंतू फुप्फुसात शिरतात. १९१८ मधील बहुसंख्य मृत्यू अशा मागाहून जडलेल्या न्यूमोनियाने झाले, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते.

त्या वेळी औषध नव्हते. रोगाचे कारण म्हणून १८९२ पासून भलत्याच जंतूकडे बोट दाखवले जात होते. खरा विषाणू १९३३ साली हाती लागला, आणि पेनिसिलिन तर साथीनंतर दहा वर्षांनी सापडले. म्हणून माणूस वाचत असे तो शुश्रूषेने: वेळेवर पाणी, थोडे अन्न, ऊब, आणि उठू न देणारे कोणीतरी जवळ. पण ही शुश्रूषा ज्यांनी केली, त्यांची कोणी केली? जगात इतरत्र तरुण पुरुष अधिक दगावले असता, हिंदुस्थानात तरुण स्त्रिया पुरुषांहून अधिक मेल्या. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग होते. सर्वांच्या मागून जेवणारी आणि सर्वांची उष्टी-खरकटी काढणारी बाई स्वतः आजारी पडली, तेव्हा तिला उठवून बसवणारे घरात कोणी नव्हते.

आज स्थिती पालटली आहे. जोखमीच्या रुग्णास पहिल्या ४८ तासांत विषाणूविरोधी गोळी सुरू केल्यास दुखणे आवरते. वार्षिक लसही मिळते. तरीही २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यासारख्या शहरात गेला, हे विसरता येत नाही. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. ती डॉक्टरांनी सांगितल्याविना घेऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. औषधाविना ताप उतरून निदान एक दिवस लोटेपर्यंत घराबाहेर पडू नये. श्वास लागणे, छातीत दुखणे, भ्रम होणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही लक्षणे दिसताच इस्पितळ गाठावे. वृद्ध व गरोदर स्त्रिया यांनी तर तितकीही वाट पाहू नये. बाकी आपल्या आजीची उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, आजही सोडण्यासारखी नाही. तिच्याने विषाणू मरत नाही, पण पोटात पाणी, मीठ आणि आधार जातो.

सरकारी नोकरीच्या काळात मी तापाच्या रजेचे असंख्य अर्ज पाहिले. बहुतेकांत रजा मागितलेली असे ती तापाच्या दिवसांपुरती. सावरण्याचे दिवस कोणी मोजत नसे. घरकाम करणाऱ्या बाईला तर अर्ज करण्याचीही सोय नाही.

ज्या घराण्यांत जुन्या वह्या, वंशावळी आणि श्राद्धतिथींच्या नोंदी अजून जपल्या आहेत, त्यांनी शके १८४० चे आश्विन-कार्तिक एकदा उघडून पाहावेत. तेथे एखाद्या सुनेची तिथी आढळली, आणि नावाऐवजी केवळ ‘अमुकाची प्रथम पत्नी’ एवढेच लिहिलेले असले, तर तिचे नाव शोधून काढून त्यापुढे लिहावे. आणि घरात पुढच्या वेळी ताप आला, की सर्वांना पेज देणारीला स्वतःला किती दिवस निजता आले, तेही मोजावे.